अमेरिकेत प्रीमेड करणाऱ्या मुलीने विद्यापीठाचा ऑनर्स प्रोग्रॅम घ्यावा का?

राजारामपुरीकर

नमस्कार. माझ्या मुलीसंबंधीचा एक निर्णय येत्या तीन आठवड्यांत घ्यायचा आहे. आमच्या घरात किंवा ओळखीत या वाटेने गेलेले कोणी नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

मुलीचा जन्म अमेरिकेतला, कारण तिचे वडील तेव्हा तिकडे नोकरीला होते. ती सात वर्षांची असताना आम्ही कोल्हापूरला परत आलो आणि पहिलीपासून बारावी सायन्सपर्यंतचे तिचे सगळे शिक्षण इथेच झाले. नागरिकत्व तिकडचे असल्यामुळे तिने आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल, असा अमेरिकेतला, म्हणजे प्रीमेडचा, मार्ग धरायचे ठरवले आहे. माझी धाकटी बहीण ज्या राज्यात राहते, तिथल्याच राज्य विद्यापीठात तिला बायॉलॉजीसाठी प्रवेश मिळाला असून ऑगस्टमध्ये तिला निघायचे आहे.

प्रवेशाच्या पत्रापाठोपाठ आणखी एक पत्र आले. विद्यापीठाच्या ऑनर्स प्रोग्रॅममध्ये तिला बोलावले आहे. जीपीए (सगळ्या कोर्सच्या गुणांची ४ पैकी सरासरी) ३.४ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, चार वर्षांत ठरावीक ऑनर्स कोर्स पूर्ण करायचे आणि शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा, अशा त्याच्या अटी आहेत. त्या बदल्यात लहान वर्ग, कोर्सची नोंदणी इतरांच्या आधी करण्याची मुभा, वेगळे वसतिगृह आणि वर्षाला तीन हजार डॉलरची शिष्यवृत्ती मिळेल.

तिच्या वडिलांचे म्हणणे असे, की विद्यापीठ स्वतःहून मान देत असेल तर तो नाकारू नये आणि पुढे मेडिकल कॉलेजवाले त्याची दखल घेतीलच. माझ्या बहिणीचे मत नेमके उलटे आहे. तिच्या शेजारच्या मुलाचा जीपीए अशाच अवघड वर्गांमुळे घसरला आणि त्याला दोनदा अर्ज करूनही मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, म्हणून प्रीमेडच्या मुलांनी एकही जादा ओझे घेऊ नये असे ती बजावून सांगते. मुलगी स्वतः फारसे बोलत नाही. मात्र तिने प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका छापून घेतली आहे, आणि काल मी ती चाळली तेव्हा प्रबंधाच्या पानावर जवळजवळ प्रत्येक ओळीखाली पेन्सिलची रेघ दिसली. म्हणून हा प्रश्न मला घाईने निकालात काढायचा नाही. मेडिकलच्या प्रवेशात या ऑनर्सला खरोखर किती वजन असते, आणि मराठी वातावरणात वाढलेल्या मुलीला पहिल्याच वर्षी हे झेपेल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

शाहूपुरी_प्राध्यापक

ताई, मेडिकलच्या प्रवेशाबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. परंतु ‘ऑनर्स’ या शब्दाने आपल्याकडे सध्या बराच गोंधळ होत असल्यामुळे तेवढा भाग स्पष्ट करतो.

आपल्या विद्यापीठांत २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ऑनर्स म्हणजे पदवीचे चौथे वर्ष. तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट (अभ्यास मोजण्याचे एकक) पूर्ण केले की साधी पदवी, आणि चौथे वर्ष करून १६० झाले की ऑनर्स; त्यातही पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स. अमेरिकेत पदवी मुळातच चार वर्षांची असते आणि ऑनर्स प्रोग्रॅम ही तिच्या आतच, समांतर चालणारी व्यवस्था असते. फ्रँक एडेलॉट यांनी १९२२ मध्ये तिथल्या स्वार्थमोर कॉलेजात अशी व्यवस्था सुरू केली. ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले होते. ऑक्सफर्डची मोजक्या विद्यार्थ्यांना शिक्षकासमोर बसवून वाचायला आणि लिहायला लावण्याची पद्धत त्यांना अमेरिकेत रुजवायची होती. वैद्यकीय प्रवेशाची तयारी हा तिचा हेतू कधीच नव्हता, आणि त्यामुळे तिचा उपयोग त्या एकाच मापाने मोजला तर उत्तर अपुरे येईल. पदवीवर लिहिले जाणारे ‘कुम लाउडे’ वगैरे सन्मान ही तिसरीच गोष्ट आहे. ते बहुतेक ठिकाणी अंतिम जीपीएवर मिळतात आणि त्यासाठी ऑनर्स प्रोग्रॅममध्ये असावेच लागते असे नाही.

विषय कोल्हापूरचा आहे म्हणून एक जोड देतो. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या, आणि कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआर रुग्णालयाच्या, स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. त्या काळात अमेरिकेत मेडिकलला जाण्यासाठी आधीची पदवी लागत नसे. १८९३ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलने ती अट घातली आणि वैद्यकीय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर वैद्यकशास्त्राआधी विज्ञानाचे पक्के शिक्षण हवे, हा आग्रह देशभर पसरला. आज ज्याला प्रीमेड म्हणतात त्याचे मूळ तिथे आहे.

डॉक्टर_पंचगंगाकाठ

नमस्कार ताई. माझे एमबीबीएस महाराष्ट्रातले. गेली वीस वर्षे मी अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि ज्या मेडिकल कॉलेजात शिकवते तिथल्या प्रवेश समितीवर सहा वर्षे होते. आपल्या यजमानांचे आणि बहिणीचे दोघांचेही म्हणणे मला अर्धे बरोबर वाटते, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

आमच्यासमोर येणाऱ्या अर्जात काय असते ते आधी सांगते. एकूण जीपीए, बायॉलॉजी-केमिस्ट्री-फिजिक्स-गणित यांचा वेगळा काढलेला जीपीए, एमकॅटचे (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचे) गुण, स्वतःबद्दलचे निवेदन, शिफारसपत्रे, आणि केलेल्या कामांच्या जास्तीत जास्त पंधरा नोंदी, ज्यांतल्या तीन सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडून त्यांवर अधिक लिहायचे असते. ऑनर्स प्रोग्रॅम या पंधरांपैकी एखाद्या नोंदीत येतो. अर्जात एखादा कोर्स ऑनर्सचा होता अशी खूण करता येते, पण जीपीए काढताना त्याला एका दशांशाचेही जादा वजन मिळत नाही. ऑनर्समधला बी प्लस आणि साध्या वर्गातला बी प्लस, दोन्ही ३.३ च. सहा वर्षांत ‘हिने ऑनर्स केले आहे’ एवढ्या कारणावरून एखादा अर्ज पुढे सरकल्याचे मी पाहिले नाही, आणि ऑनर्स नाही म्हणून मागे पडल्याचेही पाहिले नाही.

प्रत्यक्ष मेडिकलला दाखल होणाऱ्या मुलांचा सरासरी जीपीए गेली काही वर्षे ३.७५ च्या वर आणि एमकॅट ५२८ पैकी ५११-५१२ च्या आसपास राहिला आहे. तेव्हा ३.४ ही ऑनर्समध्ये टिकण्याची अट असली तरी मेडिकलच्या दृष्टीने ती फार खालची आहे, हे मुलीने आजच लक्षात ठेवावे. बहिणीच्या भीतीचे मी आकड्यांत उत्तर देते. समजा विज्ञानाचे ४० क्रेडिट झाले आणि सगळीकडे ए मिळाला, तर जीपीए ४.०. त्यातल्या एका चार क्रेडिटच्या कोर्समध्ये बी प्लस आला तर तो ३.९३ होतो, म्हणजे काही बिघडत नाही. अशा चार कोर्समध्ये बी प्लस आला तर मात्र ३.७२ वर येतो, आणि तो पुन्हा वर नेणे फार कष्टाचे होते. त्यामुळे एखाद्या ऑनर्स कोर्सला घाबरण्याचे कारण नाही, परंतु जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स असे प्रीमेडला आवश्यक असलेले सगळेच विषय ऑनर्स सेक्शनमध्ये घेणे धोक्याचे आहे. ऑनर्सच्या अटी कोणत्या विषयांतून पूर्ण करता येतात, हा म्हणूनच मला सर्वांत कळीचा प्रश्न वाटतो.

आता प्रबंध. मुलीने त्याच पानावर रेघा ओढल्या आहेत हे वाचून मला फार आनंद झाला. फक्त त्यात वेळापत्रकाची एक मेख आहे, जी प्रोग्रॅमच्या पुस्तिकेत सहसा लिहिलेली नसते. पदवीनंतर लगेच मेडिकलला जायचे असेल तर अर्ज तिसरे वर्ष संपताच, मे-जूनमध्ये भरायचा असतो आणि एमकॅट त्याआधी दिलेली असलेली बरी. प्रबंध लिहिला जातो चौथ्या वर्षी. म्हणजे अर्ज वाचणाऱ्यांच्या हाती प्रबंध नसतो; त्याआधी प्रयोगशाळेत जे काम झाले तेवढेच असते. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला विषय शोधून धावपळीने उरकलेला प्रबंध या अर्जात दिसतच नाही. उलट दुसऱ्या वर्षीच एखाद्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत जाऊ लागलेली मुलगी अर्जाच्या वेळेपर्यंत दीड वर्ष तिथे रुळलेली असते, आणि मुलाखतीत आपल्या प्रयोगात काय फसले आणि का फसले हे सांगू शकते. एका मुलीने मला फळमाश्यांच्या पंखांची मोजणी कशी तीन वेळा नव्याने करावी लागली, हे दहा मिनिटे सांगितले होते. तिचा ऑनर्स प्रोग्रॅम कोणता होता ते मला आज आठवत नाही, ती मोजणी आठवते.

शिफारसपत्रांचेही तेच. तीनशे मुलांच्या वर्गातून आलेल्या पत्रात बहुधा गुणांपलीकडे काही नसते, कारण त्या शिक्षकांनी मुलीला जवळून पाहिलेलेच नसते. पंधरा जणांच्या वर्गातले शिक्षक ती चुकल्यावर काय करते, दुसऱ्याचे ऐकते का, हे लिहू शकतात. ऑनर्सचा खरा फायदा मला इथे दिसतो. तो दुसऱ्या मार्गानेही मिळवता येतो, परंतु लाजऱ्या स्वभावाच्या मुलांना लहान वर्गात तो सोपा जातो.

पैशाचा मुद्दा किरकोळ समजू नका. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून मेडिकलच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी कर्जावर वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा आली आहे, आणि बऱ्याच कॉलेजांचा खर्च त्याहून जास्त आहे. पदवीच्या काळात वाचलेला प्रत्येक डॉलर पुढे उपयोगी पडणार आहे. मात्र जीपीए अटीखाली गेला तर शिष्यवृत्ती लगेच बंद होते की एक सत्र सवलत मिळते, हे लेखी विचारून घ्या.

इतर वाचकांसाठी एक सूचना. हे सगळे मी या मुलीच्या नागरिकत्वाकडे पाहून लिहिते आहे. अमेरिकेतली बरीच मेडिकल कॉलेजे परदेशी नागरिकांचे अर्ज घेतच नाहीत, त्यामुळे केवळ विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या मुलांनी हा मार्ग वेगळ्याने तपासावा. तसेच ऑनर्स म्हणजे बीएस-एमडी नव्हे. त्या एकत्रित कार्यक्रमात मेडिकलची जागा आधीच धरलेली असते. ऑनर्समध्ये तसे काहीही नसते.

कळंब्याची_लेक

मी सध्या मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत कोल्हापूरला शिकले, नंतर आईवडिलांबरोबर इकडे आले, आणि पदवीला अशाच एका ऑनर्स प्रोग्रॅममध्ये अडीच वर्षे राहून तो सोडला.

पहिल्या सत्रात मी ऑनर्सची जनरल केमिस्ट्री घेतली. बारावीच्या तोडीचा अभ्यास इकडच्या शाळेत अकरावीलाच झाला होता, त्यामुळे विषय सोपा जाईल असे मला वाटले होते. विषय सोपाच होता. जड गेले ते वेगळेच. तिथे पाठांतराला वाव नव्हता, दर आठवड्याला एक उघडा प्रश्न देत आणि चौघांच्या गटाने फळ्यासमोर उभे राहून तो सोडवायचा असे, आणि मी पहिले दोन महिने इंग्रजीत तोंडच उघडले नाही. बी आला. त्याच सत्रात माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला साध्या सेक्शनमध्ये ए मिळाला, आणि पुढची ऑरगॅनिक आम्ही दोघींनी एकाच वर्गात केली.

पण त्याच प्रोग्रॅममधले साहित्य आणि इतिहासाचे सेमिनार मला आयुष्यभर पुरतील असे मिळाले. आम्ही चौदा जण होतो. दर सोमवारी दोन पानांचे लिखाण द्यायचे आणि गुरुवारी ते परत मिळायचे, तेव्हा समासात हिरव्या शाईने लिहिलेले असे, ‘हे वाक्य तुझ्या मुद्द्याच्या विरोधात जाते, पुन्हा वाच.’ एमकॅटच्या चार भागांपैकी एक भाग निव्वळ वाचनाचा असतो. ९० मिनिटांत ५३ प्रश्न, उतारे तत्त्वज्ञान, कला, समाजशास्त्र असल्या विषयांवरचे, आणि बाहेरचे कोणतेही ज्ञान उपयोगी नाही. आपल्याकडून सायन्स करून आलेल्या मुलांचे गुण माझ्या पाहण्यात याच भागात अडकतात. माझे अडकले नाहीत, आणि त्याचे श्रेय मी त्या दोन सेमिनारना देते. ताई, मुलगी पहिल्या वर्षी ऑनर्सचा एकच कोर्स घेणार असेल तर तो असा घ्यावा.

आधी नोंदणी करण्याची मुभा किती मोलाची असते, हेही बाहेरून कळत नाही. दुसऱ्या वर्षी मी गुरुवारी दुपारी हॉस्पिसमध्ये (अखेरच्या आजारातल्या रुग्णांच्या शुश्रूषाकेंद्रात) स्वयंसेवक म्हणून जात असे. ऑरगॅनिकच्या प्रयोगशाळेची जागा मला मंगळवारी सकाळची मिळाली, कारण आमच्यासाठी नोंदणी दोन दिवस आधी उघडायची. मैत्रिणीच्या वाट्याला गुरुवार संध्याकाळच उरली आणि तिला त्याच वेळेचे रुग्णालयातले काम त्या सत्रापुरते सोडावे लागले.

मी तिसऱ्या वर्षी बाहेर पडले, कारण एमकॅटचा अभ्यास आणि प्रबंधाची पूर्वतयारी एकाच वसंत सत्रात आली आणि सल्लागारांनी मुदत पुढे ढकलायला नकार दिला. प्रयोगशाळेतले काम मात्र सोडले नाही. मुलाखतींत त्या कामाबद्दल प्रत्येक ठिकाणी विचारले, ऑनर्स का सोडले हे एकाही ठिकाणी विचारले नाही.

उद्यमनगर_काका

सगळी चर्चा वाचली. मुलीला उन्हाळ्याची तीन महिने सुट्टी असते. ती कोल्हापूरला येईलच, तेव्हा एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तिला टाके घालणे, इंजेक्शन देणे असे प्रत्यक्ष काम शिकता येईल. हा अनुभव तिकडच्या मुलांना कुठून मिळणार? अर्जात त्याचा ऑनर्सपेक्षा जास्त उपयोग होईल असे मला वाटते.

डॉक्टर_पंचगंगाकाठ

काका, आपली आपुलकी समजते, पण कृपया हे करू नका. प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याने परदेशात रुग्णावर उपचार करू नयेत, याबाबत अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि अर्जात अशी नोंद दिसली की समिती ती दोष म्हणून वाचते. ज्याच्या अंगावर ते टाके पडतात त्या माणसाचाही विचार व्हायला हवा. डॉक्टरांच्या परवानगीने आणि रुग्णाच्या संमतीने शेजारी उभे राहून पाहणे चालेल. माझा सल्ला असा, की अर्जासाठीचा रुग्णसेवेचा मुख्य अनुभव तिने तिकडेच, सत्र चालू असताना, आठवड्याचे तीन-चार तास देऊन मिळवावा.

कळंब्याच्या ताईंनी सेमिनारबद्दल जे लिहिले त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी तो मुद्दा विसरले होते.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे मी मुलीला वाचायला दिली आणि नंतर आम्ही दोघींनी बसून प्रोग्रॅमच्या कार्यालयाला ईमेल लिहिली. तिनेच लिहिली, मी फक्त शेजारी बसले. काल रात्री उत्तर आले.

ऑनर्सच्या अटी कोणत्याही विषयातून पूर्ण करता येतात आणि विज्ञानाचे ऑनर्स सेक्शन घेण्याची सक्ती नाही. साध्या वर्गात राहून प्राध्यापकांच्या संमतीने एखादा जादा प्रकल्प केला तरी तो कोर्स ऑनर्सचा धरतात. कोणत्याही सत्राच्या शेवटी बाहेर पडता येते, फक्त शिष्यवृत्ती तिथून पुढे थांबते, आधीची परत मागत नाहीत. जीपीए ३.४ च्या खाली गेला तर सावरायला एक सत्र देतात. प्रबंधाच्या मार्गदर्शकाची निवड मात्र तिसऱ्या वर्षाच्या वसंत सत्रातच करावी लागते, म्हणजे कळंब्याच्या ताईंना जिथे अडचण आली नेमके तिथेच. त्यावर मुलीचे म्हणणे असे, की दुसऱ्या वर्षीच प्रयोगशाळा शोधली तर त्या वेळी फक्त फॉर्मवर सही घ्यायची उरेल.

तिने होकार कळवला आहे. पहिल्या सत्रात केमिस्ट्री आणि बायॉलॉजी साध्या सेक्शनमध्ये, आणि ऑनर्सचा एकच सेमिनार. विषय आहे साथीच्या रोगांचा इतिहास. तिच्या वडिलांना हे पटले. बहिणीला अजून पूर्ण पटलेले नाही, पण दर सत्राचे गुण तिला आधी कळवायचे या अटीवर ती गप्प बसली आहे.

एकच विचारायचे राहिले. प्रयोगशाळेसाठी प्राध्यापकांना कधी आणि कसे लिहावे?

डॉक्टर_पंचगंगाकाठ

पहिले सत्र फक्त अभ्यास आणि नवे गाव अंगवळणी पडण्यासाठी ठेवावे. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस, एप्रिलच्या सुमारास, तिला ज्यांचा विषय आवडला अशा चार-पाच प्राध्यापकांचा प्रत्येकी एक अलीकडचा शोधनिबंध वाचून, त्यातली एक न समजलेली गोष्ट विचारणारी छोटी ईमेल पाठवावी आणि शेवटी आठवड्याला किती तास देऊ शकेन ते स्पष्ट लिहावे. दोघांकडून उत्तर येणार नाही, एक जण जागा नाही म्हणेल. त्याने खचून जाऊ नये. पहिली ईमेल पाठवण्याआधी मला दाखवली तरी चालेल, मी आनंदाने वाचेन.